रोट खाल्लेला विंचू

जळगाव, भाद्रपद वद्य तृतीया

तीर्थरूप नाना यांस सुगंधाचा शिरसाष्टांग नमस्कार.

धुळ्याच्या गाडीतून धाडलेली पिशवी पोचली. दादर ज्वारी, शेंगा आणि यांच्यासाठी मऊ पायमोजे. कंडक्टरने साठ रुपये घेतले (शेंगा तेवढ्याच्याच असतील, पण तुमचा हात मी कसा धरू). त्याच दिवशी यांच्या अंगठ्याच्या जखमेचा रिपोर्ट आला, रुपये बाराशे. त्यात औषधांची लांबलचक यादी आहे आणि त्या जंतूंपुढे सगळी नापास. बाराशे रुपयांत एखादं तरी पास करायला हवं होतं. अक्कांचे गुडघे कसे आहेत? इकडे देवीच्या कृपेने सर्व ठीक, म्हणजे ठीक नाही.

डॉक्टर म्हणतात, अंगठा काढा, उशीर केलात तर पाय जाईल. हे म्हणाले, बघू. (तुमच्या धाकट्या भावाचं बघू तुम्हाला माहीत आहे. स्वयंपाकघराचं छत पडलं तेव्हाही ते बघतच होते.)

या घोळाचं मूळ माझी भाची चारुलता. ती इथे कॉलेजात विंचवाच्या विषावर अभ्यास करते. त्या विषातला एक बारीकसा अंश काचेच्या ताटलीत टाकला, तर कुठल्याच औषधाला न जुमानणारे जंतू मरतात म्हणे. त्याचं औषध व्हायला अजून कैक वर्षं लागतील, असंही ती म्हणाली होती, पण यांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. श्रावणात गोवऱ्यांत विंचू निघाला. मारू नको, मी न्यायला येते, असं तिने कळवलं, म्हणून मी तो काचेच्या बरणीत ठेवला (लोणच्याची चांगली बरणी गेली). दुसऱ्या दिवशी पाहते तर हे अंगठा बरणीत घालून बसलेले. विंचू पाठ फिरवून कोपऱ्यात. त्याने नांगी मारली असती तरी यांना कळलं नसतं, साखरेने पाय बधिरच आहे.

मग कानबाईचा सण आला, भाऊबंदांखेरीज कुणाच्या तोंडी न लागणारे रोट झाले. यांनी एक तुकडा मोडून बरणीत टाकला. विंचवाने तो खाल्ला की नाही देवीच जाणे, पण तुकडा दिसेनासा झाला. चारुलता न्यायला आली तर हे बरणी मांडीवर घेऊन म्हणतात, "त्यानी आपला रोट खादा, आते तो आपला भाऊबंद शे. रोट घराबाहेर जात नाही, हाही जाणार नाही." ती माझ्या माहेरची, म्हणजे परक्या कुळातली, तिला काय बोलता येणार? म्हणाली, "मामा, विंचू ठेवा, पण पाय दवाखान्यात न्या." हे म्हणाले, विंचू आहे तोवर पाय आहे. ती रडत गेली. मी तिला दशम्या बांधून दिल्या, रोट देता येत नाही ना.

तेव्हापासून रोज सकाळी बरणीशी बोलणं चालतं. माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते. आता तळव्यापर्यंत काळं आलंय. तुमच्यापुढे यांचं बघू चालत नाही. तुम्ही या आणि दवाखान्यात न्या, एवढंच.

आपली नम्र,
सुगंधा

ता. क. फोन केला नाही, कारण हे शेजारीच बसून ऐकतात.

ता. क. विंचू परवा मेला. यांच्याच शब्दाप्रमाणे आता दवाखान्यात जायला हवं, म्हणून सांगायला गेले. हे बरणीकडे बघत म्हणाले, आज शांत आहे, माझा पायही शांत आहे. सांगवलं नाही. ते तुम्ही येऊन सांगा.

ता. क. रोट खाल्ला म्हणजे भाऊबंदच. मग सुतक धरायचं का? परवापासून मी देवाला हात लावलेला नाही. द्वादशीला मामंजींच्या श्राद्धाचं पान वाढायचं आहे, तरी उलट टपाली कळवावे.