वहिनीची कथा छापून आली

तळासरी
२० नोव्हेंबर १९६१

तीर्थरूप अण्णांना वत्सलेचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, शाळेत मन रमते. आईचा खोकला थांबला का?

वहिनीची कथा दिवाळी अंकात आली, फार आनंद झाला. दादाने कळवले की, नरपडच्या वाडीत चिकूच्या टोपल्या भरणाऱ्या बायकांना तुम्ही ती वाचून दाखवलीत. बायजाकाकू म्हणे ओरडली, "अगो मेले, हे तर माझंच भांडण!" आणि तुम्ही हसता हसता डोळे पुसलेत.

त्याच संपादकांनी माझी कथा परत पाठवली. म्हणतात, भाषा निर्दोष आहे, पण सगळी माणसे मास्तरांसारखी बोलतात. अण्णा, तसे लिहायला तुम्हीच शिकवलेत. वहिनीला ऱ्हस्व-दीर्घ मी शिकवले. तिच्या चुका तुम्हाला गोड वाटतात, माझ्या चुकांखाली लाल पेन्सिल ओढता.

असे लिहू नये, कळते. पण आता खोडले तर खाडाखोड दिसेल. वहिनीला हे पत्र दाखवू नका.

सोबत नवी कथा पाठवते आहे. हिच्यात तुम्ही आहात, घरात बोलता तसेच बोलणारे. एकदा नुसती वाचा. वाचून हसू आले नाही, तर खुशाल रागवा. पण "शुद्धलेखन उत्तम" एवढेच लिहून परत पाठवू नका.

तुमची,
वत्सला