नागोबा टाकीत राहत न्हाई

मोरबी, सोमवार

दाजी, मी पळालो न्हाई, गाडी उतारावर होती. ह्या दोन गोष्टींत लई फरक हाय आणि तो तुमी नागपंचमीपासून समजून घ्यायला तयार न्हाई. परवा परत फोनवर म्हणलात, "युवराजनं आमच्या आईला धारूरच्या घाटात सोडलं." तेबी पारावर बसून, फोन स्पीकरवर टाकून. मागं चार माणसं हसलेली मला हितं गुजरातेत ऐकू आली. म्हणून आता पत्र लिहितोय. पत्राला स्पीकर नसतो.

रागात रीत राहूनच गेली, ती आता घ्या. तीर्थस्वरूप शहादेवदाजींना मेहुणा युवराजचा दंडवत. तुमच्या आईच्या, वत्सलामावशींच्या, पायावर डोकं (पायाजवळ दिवा नसंल तर). मावशींचे गुडघे कसे हायत? म्हैस दूध देती का नुसतीच खाती? करिष्माअक्काच्या पायाची सूज उतरली का? गाडीची तब्येत मी विचारत न्हाई, ती मला ठाव हाय. गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून तिला मी नावं ठेवणार न्हाई. पर तिच्या टाकीचं झाकण माझ्याहून लहान हाय, त्याला बोलायचा मला हक्क हाय. मी बरा हाय. फरशीच्या कारखान्यात भट्टीतून निघालेल्या फरशा खोक्यात भरतो. दिवसभर विस्तवाच्या शेजारी उभा असतो, आणि तरीबी मला भ्या वाटतं ते तुमच्या गाडीच्या टाकीच्या झाकणाचं. खोलीतला मुंजाजी (आपल्या आष्टीकडचाच हाय) म्हणतो, "कावून एवढा भ्यायला बे? झाकणच हाय ना?" त्यानं ते झाकण बघितलेलं न्हाई. त्यानं मावशींनाबी बघितलेलं न्हाई.

आता झाकणाचा इतिहास तुमाला मी सांगायचा म्हणजे नवलच, पर तुमी सोयीचं तेवढंच आठवता. पहिलं झाकण गाडीबरोबर आलेलं. त्याचं रबर वाळून पापडासारखं झालं, आटे झिजले, आणि डावीकडं वळलं की पेट्रोल बाहेर डोकावायचं. तुमी त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली. नंतर ते कुठंतरी रस्त्यात पडलं, तर तुमी तिथं धोतराचा बोळा कोंबून आठवडाभर गाडी फिरवली. पेट्रोलच्या टाकीत बोळा, दाजी! असलं काम लोक दंगलीत करतात, आणि तेबी बाटलीवर करतात, ज्या गाडीत स्वतः बसायचं तिच्यावर करत न्हाईत. मग भंगारवाल्याकडून दुसरं झाकण आणलंत. ते लई घट्ट बसलं, पक्कड लावल्याशिवाय निघंना, म्हणून तुमी खूश. त्याला मधोमध बारीक भोक होतं. तुमी म्हणलात फुटकं हाय, लबाडानं फसवलं, आणि ते भोक लांबी भरून बुजवलंत, वरून रंगबी मारला. त्या दिवशी मीसुद्धा म्हणलो की वा, दाजींचा हात साफ हाय. (ते शब्द मी वापस घेतो.)

ते भोक कशाला असतं ते मला हितं आल्यावर कळलं. आपण गोडेतेलाच्या डब्याला दोन भोकं पाडतो का न्हाई, एक तेल यायला, एक हवा जायला? एकच पाडलं तर डबा गटांगळ्या खातो. तसंच हाय हे. टाकीत हवा गेली न्हाई तर टाकी आतल्या आत श्वास कोंडून बसती, इंजनाला पेट्रोल मिळत न्हाई, गाडी आचके देऊन थांबती. मग झाकण उघडलं की सुस्स करून हवा आत घुसती, आणि गाडी परत चालू. एवढंच हाय. ह्यात देव न्हाई, धर्म न्हाई, साप-जिवाणू न्हाई. पर ही अक्कल पंचमीला माझ्यापाशी न्हवती.

पंचमीला मी मुराळी म्हणून गेलतो. भावानं बहिणीला माहेरी न्यायची ती रीत, ती मी पाळली. तुमीच म्हणलात की येष्टीनं कशाला, आपली गाडी ने, आणि आईलाबी घेऊन जा, तुमच्या दिंद्रुडकडचं वारूळ लई जागृत हाय म्हणतात, तिला पुजायचंय. मी केजला टाकी काठोकाठ भरली. मागं मावशी, त्यांच्या मांडीवर तांब्याभर दूध, लाह्या, फुटाणे, नागोबाचा कागद, निरांजन आणि काडेपेटी. अक्का त्यांच्या शेजारी खिडकीला डोकं लावून पेंगत होती. मला वाटलं उन्हानं. ती दोन जीवांची होती हे मला महिन्याभरानं कळलं, आणि कळलं तवा मी भट्टीपुढं उभा असून गार पडलो.

धारूरच्या घाटात एका वळणावर गाडीनं आचके दिले आणि बसली. मागं येष्टी, तिच्यामागं ऊसतोडीचा रिकामा ट्रक, सगळे हॉर्न वाजवायला लागले. मी पक्कड घेऊन उतरलो आणि झाकण फिरवलं. दाजी, ते असं फुसकारलं की मी स्वतः दोन पावलं मागं सरलो. आणि गाडी उताराला कललेली, टाकी काठोकाठ, त्यामुळं हवा आत गेली तसं पेट्रोल हिंदकळून बाहेर आलं ते सगळं माझ्या बाहीवर. तेवढ्यात मागची खिडकी खाली झाली आणि मावशी ओरडल्या, "हात लावू नको! आज त्यांचा दिवस हाय!"

मी म्हणलं, मावशी, हवा हाय. त्या म्हणल्या, हवेला फणा असतो का? (फणा त्यांना कुठं दिसला ते मला आजपतुर कळलं न्हाई.) उतरल्याच त्या, गुडघे दुखायचे थांबले. येष्टीतल्या बायांना कुणीतरी सांगितलं की गाडीत नाग निघाला, आणि त्याबी उतरल्या. पंचमीचा दिवस, सगळ्या नटून माहेरी निघालेल्या, प्रत्येकीजवळ लाह्या! रांगच लागली, दाजी. पदर डोक्यावर घेऊन बाया टाकीच्या तोंडाला हळदीकुंकू लावायल्या, आणि एकीनं तर उखाण्यासारखं तुमचं नावबी विचारलं, गाडी कुणाची म्हणून. मावशींनी तांब्या तिरका केला. मी ओरडलो, अहो, त्यात पेट्रोल असतंय! तर मला म्हणल्या, "पेट्रोल तर रोजच पाजतोस मेल्या, एक दिवस दूध पिऊ दे!" आणि ओतलं. वरून लाह्या.

हितपतुर मला रडू येत होतं, भ्या न्हवतं. मग त्यांनी निरांजन काढलं.

हे नीट वाचा, दाजी, इथं हसू नका. टाकी उघडी. रस्त्यावर पेट्रोलचा ओघळ, थेट मावशींच्या चपलेपतुर. गाडीत अक्का, आणि तिच्या बाजूचं दार आतून उघडत न्हाई हे तुमालाबी ठाव हाय. मी काडेपेटी हिसकावून घ्यावी तर माझी बाही पेट्रोलनं थबथबलेली, जवळ गेलो तर मीच कापूर. पळावं तर अक्का आत. पहिली काडी वाऱ्यानं विझली. दुसरी मोडली. तिसरीला एका बाईनं पदराचा आडोसा धरला. असल्या टायमाला माणसाला देव आठवतो म्हणतात. मला तुमी आठवलात, आणि जे आठवलं ते पत्रात लिहिण्यासारखं न्हाई.

मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "गेला! गेला! नागोबा त्या दगडात गेला!" आणि मी वरच्या बाजूच्या कपारीकडं बोट केलं. सगळ्या बाया पळत तिकडं, मावशी सगळ्यांच्या पुढं, हातात पेटलेली काडी. मी झाकण दाबलं, आत बसलो, हँडब्रेक सोडला. इंजन बंदच होतं, गाडी आपली आपण उतरली. मी तिला घाटाच्या खालीपतुर थांबवली न्हाई कारण मला थांबायचंच न्हवतं. ह्याला तुमी पळणं म्हणता. मावशी येष्टीत बसून आल्या, त्यांना पुढची जागा मिळाली, कंडक्टर त्यांच्या पाया पडला, हे त्या सांगत न्हाईत का? आणि पुढं तेलगावला सटवा मिस्त्रीनं टाकी खोलली तवा आतून काय निघालं ते मी सांगत न्हाई. त्यानं नुसतं विचारलं, ह्यात साखर घालायची राहिली का?

एवढं होऊन टाकी धुतली, पर झाकण तेच लावलं. गाडी तुमच्या दारात परत फुसकारली, आणि मावशींनी गावभर सांगितलं की युवराज खोटं बोलला, नागोबा कुठं गेलाच न्हाई. आता मी खोटं बोललो हे खरं हाय, आणि परत तसाच टाईम आला तर परत बोलीन. पर त्याचा अर्थ नागोबा आत हाय असा होत न्हाई! मला अक्कानं सांगितलं की आता दर सोमवारी टाकीपुढं दिवा लागतो. झाकण बदलायचं नाव काढलं तर मावशी जेवत न्हाईत. आणि तुमी, बारावीपतुर शिकलेला माणूस, त्यांना "हो आई" म्हणता.

आणि आता तुमी कळवता की शुक्रवारी अक्काला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणून सोडणार, ह्याच गाडीत, ह्याच घाटानं. निघायच्या आधी ओटी भरून गाडीला पंचारती ओवाळणार. पंचारती म्हणजे पाच वाती, दाजी. मी हितं एका काडीनं अजून झोपेत दचकतो.

मला सुट्टी मिळत न्हाई, न्हाईतर मीच आलो असतो. तुमाला योग्य वाटंल तसं करा. लहान तोंडी मोठा घास नको. घरच्या सगळ्यांना नमस्कार.

आपला मेहुणा,
युवराज

ता. क. – योग्य वाटंल तसं करू नका. ह्या पत्राबरोबर पेढ्यांचा डबा हाय. वरचा थर पेढ्यांचा, खाली नवीन झाकण हाय, भोकासकट. भोक बुजवू नका. पेढे मावशींना द्या आणि त्या खात असतील तवा झाकण बदला. गाडी फुसकारायची बंद झाली की त्या विचारतील. सांगा, पेढे खाऊन नागोबा तृप्त होऊन गेला.

ता. क. २ – झाकण बदललं तरी अक्काला त्या गाडीत बसवू नका. मी रात्रंदिवस हाच विचार करतोय. केजच्या बद्रीनाथची जीप सांगा, मी त्याच्याशी बोललोय, तो शुक्रवारी सकाळी येतो आणि बिडी पीत न्हाई. मावशींनाबी जीपमधीच बसवा, न्हाईतर त्या पंचारती घेऊन तुमच्या गाडीतून मागं येतील.

ता. क. ३ – सुट्टी मिळालीय. म्हणजे मिळालती. मुराळी म्हणून मीच यायचं ठरवलं होतं, बॅगसुद्धा भरली. पर एक तर माझं जाण्यायेण्याचं भाडं होतं, न्हाईतर जीपचं, दोन्ही होत न्हाई. आणि खरं सांगू का, मी आलो असतो तर तुमी मला हौसेनं चावी दिली असती, मावशी मागं बसल्या असत्या, आणि मला तुमाला न्हाई म्हणता आलं असतं का? म्हणून जीपच पाठवतो. अक्काला सांगा, भाऊ आला न्हाई म्हणून डोळ्यांत पाणी आणू नको, खिडकीला डोकं लावून आरामात ये. जीपच्या भाड्याचे पैसे तुमच्या खात्यावर टाकले असते तर तुमी टाकी फुल्ल केली असती, म्हणून तिच्याच फोनवर पाठवलेत: तीन हजार चारशे रुपये.