स्थानबद्धांविषयीचा खुलासा

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता नीट आठवत नाही. सरकारी नोकरी संपवून मी दिल्लीहून लोणावळ्याला परत आले आहे. दमले आहे, त्यामुळे जरा संथपणे लिहिते.

मी अकरावीत होते. दुपारी तुमच्या स्वयंपाकघरात इंग्रजी शिकायला बसले आहे, तुम्ही शेंगा निवडता निवडता माझ्या चुका काढताय. औंढ्याच्या वरच्या वाडीतली, तुमच्याकडे लाकडं आणणारी मावशी दारात येऊन बसते. "बाई, मालकाला धरून न्हेलं. आज धा दिस झालं. बंगल्यातली भांडी गेली म्हनं. आमी कुटं बगितली भांडी?" तुम्ही हात पुसता, चपला घालता आणि मला म्हणता, "कागद घे. तुझं अक्षर चांगलं आहे." चौकीत जमादार म्हणाला, साहेब पुण्याला गेलेत, उद्या या. तुम्ही बाकावर बसलात. "येतील तेव्हा येतील. धरलेल्या माणसाला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं, असं घटनेत लिहिलंय. दहा दिवस का लागले, ते या मुलीला सांगा. ती अर्जात लिहील." संध्याकाळी साहेब आले, अर्ज वाचला आणि मावशीच्या नवऱ्याला सोडून दिलं. त्याला धड चालता येत नव्हतं. "जेवलास का?" एवढंच मावशीनं विचारलं. "न्हाई," तो म्हणाला. वकील व्हायचं मी तिथंच ठरवलं.

झालेही. पुण्याला कायदा शिकले, दिल्लीला सरकारी नोकरीत लागले आणि मानवी हक्कांचे आंतरराष्ट्रीय करार माझ्याकडे आले. माणसाला 'बेकायदा' अटक करू नये म्हणायचं की 'मनमानी', यावर परदेशातल्या सभागृहांत दिवसच्या दिवस वाद चालत. मी 'मनमानी'च्या बाजूनं टिपणं तयार करायची. कायद्यात बसवून धरलेला माणूसही मनमानीनंच धरलेला असू शकतो, हे मला फार चांगलं समजावून सांगता यायचं. मग सत्तरच्या दशकात आपल्याकडेच माणसं खटल्यावाचून तुरुंगात गेली. परदेशातून विचारणा झाली, आणि तिचं उत्तर तयार करण्याची फाईल माझ्या टेबलावर आली. उत्तर एका वाक्याचं होतं : सर्व व्यक्तींना प्रचलित कायद्यानुसारच स्थानबद्ध करण्यात आले आहे. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

त्याच वर्षी रजेवर आले, तेव्हा तुम्ही अंथरुणाला खिळला होतात. तुमच्या शाळेतले गणिताचे सर तुरुंगात होते. त्यांची बायको तुमच्यासाठी रोज पेज घेऊन यायची. ती भांडं घेऊन गेल्यावर तुम्ही विचारलंत, "तो सरकारचा खुलासा पेपरात आला होता. तू लिहिलास?"

"नाही बाई. ते वरचे लोक लिहितात."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. "मग ठीक आहे," म्हणालात. "मला उगीच वाटलं." पुढच्या महिन्यात तुम्ही गेलात. सर नंतर सुटून आले, पण परत वर्गात उभं राहण्याइतकी त्यांची तब्येत राहिली नव्हती. मी नोकरीतच राहिले. बढत्या मिळाल्या, करारांवर सह्या झाल्या, त्या समारंभांच्या फोटोंत मी मागच्या रांगेत आहे.

परवा कामशेतला तांदूळ घ्यायला गेले होते. दुकानात सरांची बायको भेटली. आता वाकली आहे, पण तिनं मला लगेच ओळखलं. माझा हात धरून म्हणाली, "बाई शेवटपर्यंत तुमचं कौतुक करायच्या. म्हणायच्या, ती तिथं आहे म्हणून बरं आहे, आपल्या बाजूचं कोणीतरी आहे." मी मान हलवली. तांदूळ न घेताच घरी आले.

बाई, तो खुलासा मीच लिहिला होता. आणि दिल्लीतल्या माझ्या साहेबांनी एकही शब्द न बदलता त्यावर सही केली, तेव्हा तो सगळा दिवस मी खुशीत होते.