चोपन्न मिलिमीटर आणि माझी अब्रू

आदरणीय आक्का,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द या वेळी शोभेसाठी लिहिलेला नाही. पत्र वाचून तू माझ्याकडे ज्या नजरेने बघशील ती चुकवायची तर जमिनीवर पालथं पडण्यावाचून दुसरा उपाय मला दिसत नाही.) तुझी कंबर कशी आहे? दिवसभर दवाखान्यात उभी राहू नकोस असं भाऊजी सांगत असतीलच आणि तू ऐकत नसशीलच. मामींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळं ठीक. मुलीचा पुढचा दात पडला, त्यामुळे ती सध्या 'स' म्हणताना समोरच्याला आंघोळ घालते. हे बांधकामावरच आहेत, पंधरा दिवसांतून दोन दिवस घरी येतात, आणि त्या दोन दिवसांत क्रेनबद्दल इतकं बोलतात की क्रेनच घरी आल्यासारखी वाटते.

आता मुद्दा. तुला आठवत असेल, तू मला तुझ्या खोलीत बसवून ती गर्भनिरोधक रिंग कशी वापरायची ते शिकवलं होतंस. टेबलावर प्लास्टरचं मॉडेल होतं, आणि तू दार लावून घेतलं होतंस. तीन आठवडे आत, एक आठवडा बाहेर. घालायचा वार तोच, वेळ तीच. हात आधी साबणाने धुवायचे. मधेच निसटून बाहेर आली तर कोमट किंवा गार पाण्याने धुऊन तीन तासांच्या आत परत जागेवर, गरम पाणी चुकूनही नाही. तीन तास उलटून गेले तर परत घातल्यावरही सात दिवस दुसरी काळजी घ्यायची. हरवली तर लगेच नवीन, आणि तेव्हाही तेच. तू हे तीनदा म्हणालीस आणि मला एकदा म्हणून दाखवायला सांगितलंस. तेव्हा मी काय म्हणाले? म्हणाले, "आक्का, मी पंपाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. साडेचार हजार रबरी रिंगा माझ्या ताब्यात आहेत. मला रिंग शिकवतेस?" तू हसलीस. मीही हसले. ते हसू आता घशात अडकलंय.

दीड महिन्यापूर्वीच्या एका शुक्रवारची गोष्ट. रिंग घालून दहा दिवस झाले होते आणि सगळं इतकं सुरळीत होतं की ती आहे हेच मी विसरले होते. सकाळी लोखंडी फ्लॅंजचं खोकं मी एकटीने उचललं. (हमाल चहाला गेला होता. हमाल नेहमीच चहाला गेलेला असतो.) उचलताना आत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, आणि मग बायकांच्या स्वच्छतागृहात ती रिंग अलगद माझ्या हातात आली. घाबरले नाही, खरंच. तुझे शब्द आठवले: धुवायची आणि परत. पण नळ उघडला तर नळाने नुसता सुस्कारा टाकला. पाणी नाही! पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी जावं तर तिथे सहा पुरुष बाटल्या भरत उभे. त्यांच्यासमोर ती वस्तू धुण्याची माझी छाती झाली नाही. म्हणून मी ती रुमालात गुंडाळून स्टोअरमध्ये आणली, काउंटरवरच्या एका रिकाम्या ट्रेमध्ये ठेवली आणि गर्दी ओसरायची वाट बघू लागले. दोन मिनिटांचा तर प्रश्न होता. तेवढ्यात मालाचा ट्रक आला, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच उतरला, आणि मी रुमाल खिशात कोंबून बाहेर पळाले. रुमाल खिशात. रिंग ट्रेमध्ये.

अर्ध्या तासाने परत आले तर ट्रे रिकामा.

मी काउंटरखाली शोधलं, कपाटामागे शोधलं, कचऱ्याचा डबा कागदावर पालथा केला. मग माझ्या मनाने माझी समजूत घातली: पडली असेल कुठेतरी, झाडताना जाईल. तीन तास गेले, संध्याकाळ झाली. दुसरी रिंग मागायची तर तुला सांगावं लागलं असतं, आणि तुला सांगायचं तर साडेचार हजार रिंगांची ती फुशारकी गिळावी लागली असती. शनिवारी हे घरी आले. त्यांनाही मी काही बोलले नाही. (दहा दिवसांचं औषध अंगात मुरलेलं असेल, दोन-चार दिवस सहज निघतील, असा हिशेब मी स्वतःशीच मांडला होता. कुठल्या पुस्तकातला ते विचारू नकोस.) रविवारी तुझा फोन आला. तू विचारलंस, "काय गं, जमतंय ना?" आणि मी म्हणाले, "अगदी मस्त!" मस्त हा शब्द मी सहसा वापरत नाही. तेव्हाच तुला शंका यायला हवी होती. पण यात तुझी चूक काढण्याइतकी निर्लज्ज मी अजून झालेली नाही.

सोमवारी टेस्टिंगच्या टाकीत एक पंप उतरवला आणि त्याच्या मानेतून बुडबुडे यायला लागले. आमच्याकडे पंप गळणं म्हणजे घरात कुणी आजारी पडण्यासारखं असतं, सगळे गोळा होतात. पंप उघडला. आतून निघाली एक पारदर्शक, मऊ, लिबलिबीत रिंग. आक्का, मी ती दहा पावलांवरून ओळखली. स्वतःचं मूल गर्दीत ओळखावं तशी.

फोरमनने ती मापाच्या व्हर्नियरमध्ये धरली आणि मोठ्याने वाचलं, "बाहेरून चोपन्न, जाडी चार. मापाला बरोबर आहे." (मापाला बरोबर! तुझी वस्तू आणि आमची सहा नंबरची रिंग जुळ्या बहिणी निघाल्या. म्हणून तर ती बसली.) मग ती हातोहात फिरली. एकाने ताणून बघितली, एकाने नखाने टोकरली. टेस्टिंगवाल्याने उजेडात धरून एक डोळा मिटून पाहिली. आणि फोरमनने, मला सांगायलासुद्धा लाज वाटते, नाकाशी नेऊन वास घेतला. "रबर नाही हे," तो म्हणाला. "हलक्या प्रतीचं प्लास्टिक. सप्लायरने फसवलं." माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. भूमी दुभंगून मला पोटात घेईल म्हणून मी फरशीकडे बघत राहिले, पण कारखान्याची फरशी दहा इंच काँक्रीटची आहे. वर मलाच हुकूम झाला, बाई, सप्लायरला तक्रारीचं पत्र लिहा आणि सदोष मालाचा तक्ता भरा. तो तक्ता मी भरला. मालाचं नाव: रिंग. रंग: पारदर्शक. मिळाल्याचं ठिकाण, या रकान्यापाशी पेन पाच मिनिटं हवेत होतं.

इथपर्यंतचं तू हसून वाचलंस तरी चालेल. पुढचं नाही.

तो पंप मास्तरांनी जोडला होता. मास्तर म्हणजे आमचे सगळ्यांत जुने फिटर. अर्ध्या कारखान्याला त्यांनी पाना धरायला शिकवलं म्हणून हे नाव पडलं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातचा एकही पंप गळला नव्हता. शुक्रवारी मी ट्रकपाशी असताना ते सहा नंबरची रिंग न्यायला आले होते, ट्रेमध्ये एकच दिसली, ती उचलून घेऊन गेले. त्यांची नजर हल्ली अधू झालीय, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्या दिवशी सगळे बोलले, रबर आणि पारदर्शक प्लास्टिक यांतला फरकही यांना दिसला नाही म्हणून. त्यांना पंपाच्या लाइनवरून काढून पॅकिंगच्या टेबलावर बसवलं, खोक्यांना पट्ट्या चिकटवायला. मी तिथेच उभी होते, आणि मूग गिळून उभी राहिले. मंगळवारी राहिले, बुधवारी राहिले. मास्तर पट्टी चिकटवत, मग ती सरळ आहे का ते बोट फिरवून बघत. डोळ्यांवरचा त्यांचा विश्वासच उडाला होता, आक्का. तो मी उडवला होता.

गुरुवारी डब्याच्या सुट्टीत मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"मास्तर, तुमची नजर चुकली नाही," मी म्हटलं. "ती रिंग आपल्या मालातली नव्हतीच. ती माझी होती."

"तुमची म्हणजे?"

"बायकांची असते. मूल राहू नये म्हणून. मी ती ट्रेमध्ये ठेवली होती."

एवढं बोलायला मला किती वेळ लागला ते विचारू नकोस. मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला. मला वाटलं आता उठून जातील. ते म्हणाले, "म्हणजे मी डोळ्यांच्या डॉक्टरला जे पैसे देऊन आलो, ते फुकट गेले म्हणा." आणि हसले. हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र हसण्याचं नव्हतं. मग म्हणाले, "फोरमनला सांगू नका. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार. मला काय, निवृत्तीला आठ महिने राहिलेत. पट्ट्या चिकटवीन."

त्या वाक्यानंतर न सांगणं शक्य नव्हतं. मी तशीच फोरमनच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, ती माझी खाजगी वस्तू होती, चूक माझी, मास्तरांची नाही. कसली वस्तू, त्याने विचारलं. वैद्यकीय, मी म्हटलं. कसली वैद्यकीय? मी सांगितलं. हळूहळू फोरमनचा हात आपल्याच नाकाकडे गेला. तो उठला, बेसिनपाशी गेला आणि त्याने तीनदा साबण लावून तोंड धुतलं. (नळाला त्या दिवशी पाणी होतं.) पण माणूस वाईट नाही. सुट्टी संपायच्या आत मास्तर आपल्या जागेवर होते, आणि कारण कुणालाही कळलं नाही. निदान मला तसं वाटतं. हमाल मात्र हल्ली माझ्यासमोर 'रिंग' हा शब्द न उच्चारता नुसता 'सहा नंबर' म्हणतो.

तर अशी माझी करणी. तू शिकवण्यात कमी पडली नाहीस, मीच पालथा घडा. मामींना नमस्कार, भाऊजींना यातलं अक्षरही सांगू नकोस.

तुझी,
लहान बहीण (शहाणी म्हणवत नाही)

ता. क. तक्रारीचं पत्र सोमवारीच गेलं होतं, त्याला सप्लायरचं उत्तर आलं. त्या बिचाऱ्यांनी चूक कबूल केली, माफी मागितली आणि दोन डझन रिंगा फुकट पाठवल्या. मी त्या कपाटात सगळ्यांत मागे ठेवल्या आहेत. त्यांच्याकडे बघवत नाही.

ता. क. दुसरा. खरं तर पत्र लिहायचं कारण हे. मागच्या आठवड्यात मास्तर काउंटरवर आले, उगाच दोन नट बघितले आणि खाली मान घालून म्हणाले, "ती तुमची वस्तू कुठे मिळते? माझ्या मुलीला तीन वर्षांत तीन मुलं झालीत. तब्येत पार ढासळलीय. आई नाही तिला. मी बाप, मी कसा सांगू?" मी तुझा पत्ता दिलाय. ती बुधवारी येईल. तिला कुणी पाठवलं ते विचारू नकोस. आणि रिंग तिला चालेल की दुसरं काही, ते नीट तपासून सांग. मला सांगितलंस तसंच तीनदा सांग. ती ऐकेल.

ता. क. तिसरा. त्या बुधवारी मीही तिच्याबरोबर येतेय. सोबत म्हणून नाही. माझी पाळी चुकून आज बारा दिवस झाले. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं, चार कागद फाडले, जमलं नाही. दार उघडशील तेव्हा लगेच काही बोलू नकोस, आक्का. आधी मला बसू दे.