उजवी बाही

३ तारीख, सोमवार
आजपासून मी नोकरदार बाई. शिवणाचं दुकान खाली, माझी खोली वर, जेवणखाण मालकांच्याच घरी. आईला कळवलं की तिचा अर्धा जीव भांड्यात पडेल. उरलेला अर्धा ती काळजी करायला राखून ठेवेल. कापायचं टेबल इतकं गुळगुळीत आहे की उगाच हात फिरवत राहावंसं वाटतं. मालक, म्हणजे मास्तर, भेटले नाहीत. त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणतात, मीही म्हणू लागले. काकूंनी भाजी निवडता निवडता सांगितलं की मास्तर रानडुक्कर होऊन जंगलात गेलेत. आमच्या गावात असली माणसं नाहीत. इथे म्हणे घरटी एक तरी आहे. समोरचा बेकरीवाला घार होतो. मास्तर वर्षभर लोकांची मापं घेऊन वैतागतात, मग थोडे दिवस चिखलात लोळून येतात आणि आले की कसे मऊ असतात, असं काकू म्हणाल्या. माझी हसून पुरेवाट झाली.

५ तारीख, बुधवार
काकू बहिणीकडे गेल्या होत्या. छाप पाडायची म्हणून मी दुकान लख्ख केलं. मागच्या खोलीत खुंटीवर एक राखाडी सदरा लोंबत होता, कोपरांवर पार झिजलेला. पुसायला बरा म्हणून उसवून टाकला. उजव्या बाहीनं मशीनचं तेल पुसलं आणि ती शेगडीत टाकली. बाकीचे तुकडे घडी करून ठेवलेत. काकू खूश होतील.

६ तारीख, गुरुवार
काकूंनी आल्या आल्या रिकामी खुंटी पाहिली आणि मटकन खालीच बसल्या. तो सदरा मास्तरांच्या आईनं शिवलेला. त्यात शिरले तरच ते परत माणूस होतात. एकदा माणूस झाले की सदरा कपाटात ठेवला तरी चालतं, पण तो शाबूत हवा. तू पाहिलास का, असं त्यांनी मला विचारलं.
मी नाही म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.
मग ठरवलं, जेवताना सांगते. जेवताना ठरवलं, भांडी घासताना. काकूंचा संशय धोबिणीवर गेला. ती पायरीवर उभी राहून रडत शपथा घेत होती आणि मी वरून ऐकत होते. तिचं काम सुटलं.

९ तारीख, रविवार
भर दुपारी ते आलं. मागचं दार ढकलून आत शिरलं, चिखलानं बरबटलेलं, टेबलाएवढं उंच. खुंटीखालची भिंत हुंगत राहिलं. काकू त्याच्या मानेवरून हात फिरवत सांगत होत्या की सापडेल हो, सापडेल. मग ते माझ्याकडे वळलं आणि माझे हात हुंगू लागलं. डोळे माणसाचे होते. मास्तरांचेच असणार, मी त्यांना कधी पाहिलेलंच नाही.

११ तारीख, मंगळवार
तुकडे पुन्हा जोडले. जुन्या भोकांतूनच सुई घातली. उजवी बाही कुठून आणू? माझ्या राखाडी झग्याची कापून लावली. रंग जवळपास तोच. काकूंना सापडेल असा सदरा पेटीमागे सरकवला.

१२ तारीख, बुधवार
सापडला. काकू माझ्या गळ्यात पडल्या.
डुकरानं सदऱ्यात डोकं घातलं. कातडं आतल्या आत सरकलं, हाडं वाजली. मास्तर उभे राहिले— रुंद छातीचे, दाढीवाले, हसतमुख. उजवा हात मात्र खांद्यापासून बारीक. बिनकेसांचा. बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा.
माझा हात.
काकूंनीही पाहिलं. माणूस घरी आला, एवढं पुष्कळ आहे, म्हणाल्या. माझ्याही जिवाला घोर लावला म्हणून माझीच माफी मागितली.

१३ तारीख, गुरुवार
माझा उजवा पंजा बधिर. नखं काळी पडतायत, जाड होतायत. शालीखाली लपवला. खाली मास्तर काजं करतायत. टाका ओढताना करंगळी वर जाते त्यांची. माझी जाते तशी.

१५ तारीख, शनिवार
डाव्या हातानं लिहितेय. उजव्याची बोटं दोन-दोन चिकटली. वर राठ केस—
काकूंनी शाल ओढली. मी सगळं सांगितलं. धोबिणीचंही. त्या ओरडल्या नाहीत. सदरा आणि कात्री आणून माझ्यापुढे ठेवली. बाही उसवलीस तर तुझा हात परत येईल, ते मात्र पुन्हा डुक्कर होतील आणि परत येणार नाहीत, म्हणाल्या.
"तुझा हात आहे, पोरी. तूच ठरव."
भिंतीकडे तोंड करून बसल्यात. खाली मास्तर गुणगुणतायत. मशीन चालू आहे.

शनिवार, दुपार
एकच टाका. नुसतं बघायला—
खाली मशीन थांबलं.
एक बोट मोकळं झालं. गुलाबी. माझं.
दुसरा टाका—
जिन्यावर पावलं. दोन— नाही, चार. काकू उठत नाहीत. दाराशी श्वास. अजून आवाज माणसाचाच आहे. थांब म्हणत नाहीत. विचारतायत, फार दुखतंय का गं तुला—
मी कात्री