चमच्याचा हक्क

अहो,

मी इथे ठणठणीत आहे, जिवाला घोर लावून घेऊ नका. तुमचा खोकला कसा आहे? आई गोळ्या वेळेवर घेतात ना?

माझ्या खोलीखालीच एक बेकरी आहे. स्वस्त आहे, म्हणून सुट्टीच्या दिवशी कॉफी आणि इथली खारीसारखी पेस्ट्री घ्यायला जाते. आज शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांनी पेस्ट्री कॉफीत बुडवली आणि अर्धी आतच पडली, अगदी तुमच्या बिस्किटासारखी. आजी अशा करवादल्या! मग चमच्याने सगळा लगदा काढून स्वतःच खाल्ला. खरं सांगते, आजींचा फार हेवा वाटला. इथे आल्यापासून मी कोणावर ओरडलेच नाहीये.

शेजारच्या वहिनी रोज संध्याकाळी चहा आणून देतात, असं तुम्ही लिहिलंत. चांगल्या आहेत हो स्वभावाने. कप ठेवून लगेच जातात, की बसतात? आपलं सहज विचारलं.

बिस्कीट तुम्ही चहात पाडणारच. पाडा खुशाल. पण त्यांच्या हातात चमचा देऊ नका. मी येईपर्यंत लगद्यासकट प्या.

तुमच्यावर ओरडायचा हक्क असलेली एकटीच,
तुमची ही