सगळ्यांची रुजू तारीख दसरा

४ एप्रिल
अहमदाबादवाले आमच्या कंपनीचा मोठा हिस्सा घेणार, पक्कं झालं. त्यामुळं या वर्षापासून आमचे हिशेबही त्यांच्यासारखे, नव्या मानकांप्रमाणे. पुण्याहून श्रुती नावाची सल्लागार आलीय. हुशार पोरगी. आमची लेखा धोरणं वाचून म्हणाली, "ताई, दोनच पानं?" म्हटलं, बाई गं, मी आल्यापासून तेवीस वर्षं तेवढ्यावरच टॉवेल विकले आम्ही. हसली नाही. म्हणाली, चाळीस होतील.
दुपारी मालकांनी ग्रॅच्युइटीचं काम माझ्या गळ्यात घातलं. त्यांचे वडील, मोठे मालक, होते तोवर निवृत्त होणाऱ्याला शाल, श्रीफळ नि पाकीट. पाकिटात किती, ते त्यांच्या मनावर. आता मनावर चालणार नाही. प्रत्येकाचे किती होतात ते आधीच मोजून ताळेबंदात दाखवायचे. मला फक्त यादी द्यायची: नाव, जन्म, रुजू तारीख, पगार. "सोपं काम आहे, महानंदाताई." मलाही दोन दिवसांचंच वाटलं.

५ एप्रिल
शिलाई खात्यातली नरसम्मा डब्याच्या सुट्टीत येऊन बसली. टॉवेलच्या कडा मारून मारून बोटं वाकडी झालीत तिची. "अक्का, नवा कायदा आलाय म्हनं? आता हिशेबानं पैसे मिळत्यात?" जूनमध्ये अठ्ठावन्न पुरी होतात तिला. सत्तावीस वर्षं नोकरी. मी जोशात कॅल्क्युलेटर काढला, गुणाकार केला, आकडा दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला. "पत्रे काढून स्लॅब टाकतो की अक्का. उन्हात डोस्कं शिजायलंय."
लई बरं वाटलं. नवी मानकं का कोण ती, त्यांचं भलं होवो.

८ एप्रिल
यादी पाठवली. तासाभरात श्रुतीचा फोन. "ताई, फाइल बिघडलीय. सगळ्यांची रुजू तारीख एकच आलीय."
मी हसले. अगं, तो दसरा. मोठ्या मालकांची पद्धत सांगितली. खंडेनवमीला यंत्रांची पूजा, दसऱ्याला हजेरीचं नवं मस्टर. जुनं बंद. नव्याला हळदकुंकू लावून मुहूर्तावर प्रत्येकाचं नाव मी नव्यानं लिहिते, रुजूच्या रकान्यात दसरा. माणसं नवे कपडे घालून येतात. सही-अंगठा करतात, नारळ नि बोनसचं पाकीट घेतात, मला सोनं देऊन पाया पडतात.
तिनं एकदम विचारलं, "सही कशावर घेता?"
पाकिटाच्या पावतीवर.
"पावतीवर काय लिहिलंय?"
छापील असते. वकीलसाहेब छापून आणतात. मी फक्त रक्कम बघते.

९ एप्रिल
पावती वाचली. रकमेखाली बारीक अक्षरात. 'आजपर्यंतचा पूर्ण हिशेब मिळाला. मी राजीखुशीनं काम सोडत आहे.'
अय्यो.
म्हणजे दर दसऱ्याला सगळी कंपनी काम सोडते आणि त्याच मिनिटाला नव्यानं लागते. आणि टेबल मांडून बसणारी मी. "इथं करा, हां, इथं अंगठा," असं स्वतःच्या बोटानं दाखवत. बी.कॉम. झालेली बाई! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. 

११ एप्रिल
मालकांना सांगितलं. त्यांना ठाऊकच होतं. वकीलसाहेबही तिथंच, बशीत चहा ओतून फुंकत. "मस्टर म्हणेल ते खरं, ताई. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. कुणाची भरतच नाहीत, मग देणं कुठलं?" नव्या धोरणाच्या मसुद्यात वाक्यही तयार: 'कंपनीवर ग्रॅच्युइटीचं दायित्व उद्भवत नाही.'
म्हटलं, नरसम्माचं काय? "वडील द्यायचे तसं पाकीट देऊ की." किती? त्यांनी मोबाइल कानाला लावला.
संध्याकाळी श्रुतीला फोन केला. तिचं म्हणणं, असं कागदोपत्री काम सोडलेलं कायद्यात टिकत नाही, पण तिला पुरावा लागतो. जुनी मस्टरं आहेत का?
आहेत. माळ्यावर.

१५ एप्रिल
जेवणाच्या सुट्टीत माळ्यावर. वरचे पत्रे नुसते आग ओकतात. पदर डोक्यावर घेऊन बसले. एकेक नाव घ्यायचं नि या दसऱ्यावरून मागच्या दसऱ्यावर असं मागं मागं जायचं, ते पहिल्यांदा सापडेपर्यंत. नरसम्मा शेवटी माझ्या आधीच्या कारकुनाच्या अक्षरात सापडली. सत्तावीस वर्षं, बरोबर. वहीत उतरवलं.

१८ एप्रिल
निम्म्याहून जास्त नावं झाली. खाली उतरले तर वॉचमन शिडीपाशी उभा. "वर काय हुडकायला हो मॅडम?" म्हटलं, जुनी फाइल. मान डोलावली त्यानं. मला त्याचं ते मान डोलावणं आवडलं नाही.

२१ एप्रिल
माळ्याला कुलूप. किल्ली मालकांकडं.

२४ एप्रिल
सकाळी आले तर रद्दीचा टेम्पो फाटकाबाहेर पडत होता. माळा धुऊन घेतलाय, फिनेलचा वास जिन्यापर्यंत. मालक स्वतः होऊन म्हणाले, "पाहुणे येणार ना अहमदाबादचे. जरा साफसफाई."
मी 'बरं' म्हटलं. नुसतं 'बरं'!
श्रुतीनं विचारलं, "फोटो तरी काढलेत ना?" नाही काढले. सुचलंच नाही. आयुष्यभर उतरवूनच घेत आले. पुरावा म्हणून आता माझी वही, तीही अर्धी. ती म्हणाली, "तुम्ही सहीनिशी लिहून दिलंत तर मी धरीन, ताई. पण विचार करा."

२ मे
टेबलावर पाकीट. मला वाटलं पगारवाढ. आत कंपनीचं पत्र. 'आपण गेल्या दसऱ्यापासून सेवेत रुजू झाला असून आपला परिवीक्षा काळ अद्याप चालू आहे. आपले काम समाधानकारक न वाटल्यास एक महिन्याच्या सूचनेवर…'
पुढचं वाचवेना. मस्टर काढून बघितलं. पहिल्याच पानावर मी. नाव माझं, अक्षर माझं, रुजू दसरा, पुढं सही. मीही दरवर्षी नारळ घेतलाय की.
मालक समोरून गेले. "उन्हात फार फिरू नका, ताई." आवाज अगदी मायेचा.
घरी सांगितलं नाही. ह्यांचं दुकान बंद झाल्यापासून घर माझ्या पगारावर आहे. विचारलं त्यांनी, तोंड का उतरलंय? म्हटलं, पाणी आलं नाही आज.

६ मे
भीती वाटते. लिहून ठेवते, कारण कुणाला सांगता येत नाही. ऑफिसात सगळे नेहमीसारखे बोलतात, पण मी जवळ गेले की विषय बदलतो. माझा कॉम्प्युटर 'दुरुस्तीला' नेला होता. संध्याकाळी परत आला. काही बिघडलेलंच नव्हतं त्यात.
वही पिशवीत घेऊन फिरते. शेंगाचटणीचा डबा, वही, चष्मा.

१० मे
नरसम्मा दोन दिवस कामावर नाही. सुट्टी होती म्हणून तिच्या घरी गेले. आमच्या भवानी पेठेपासून चालत वीस मिनिटं. दारातून आत पाहिलं. वर छत नाही. चार भिंती नि वर निळं आभाळ. भांडी बाजेखाली सरकवलेली, त्यांवर साडी पांघरलेली.
"पत्रे विकले अक्का. गवंड्याला इसार दिला. मिरगाच्या आत स्लॅब पडतंय बगा."
ओरडलेच मी. कुणी सांगितली होती एवढी घाई? पैसे हातात तर येऊ द्यायचे!
ती म्हणाली, "तुमीच की. मशिनवर आकडा दाखवला न्हाय का?" मग मलाच समजावायला लागली. "मालक लबाड असंल, ते ठावं हाय मला. पन हिशेब तुमच्या हातचा हाय न्हवं. मग कशाचं भ्या?"
तिनं बाहेर चूल मांडून चहा केला. प्यायले. सांगायला तोंड उघडलं दोनदा. नाही सांगू शकले.

१४ मे
आज अकराच्या आत सहीची यादी श्रुतीला पाठवायचीय, नाहीतर ती मसुद्यातलं 'दायित्व उद्भवत नाही' हे वाक्य तसंच पुढं धाडणार. यादीखाली छापलंय: 'ही माहिती मूळ नोंदींवरून घेतलेली, खरी व पूर्ण आहे.' नाव, हुद्दा, सही.
एक यादी मालकांची. सगळ्यांचा दसरा. मूळ नोंद तीच एक उरलीय, म्हणजे कागदावर ती खरी.
दुसरी माझ्या वहीतली. जी नावं उतरवायची राहिली होती, त्यांची वर्षं आठवून भरली. कोण कुणाच्या लग्नाच्या वर्षी लागलं, कोण संपाच्या वर्षी. ही खरी आहे, पण दाखवायला काही नाही. आणि ही पाठवली तर महिन्याभरात मी घरी.
सव्वादहा. मालकांचा इंटरकॉम दोनदा वाजला, उचलला नाही.
बघणारे रजिस्टर समजतील, मी कामात आहे असं वाटेल, म्हणून ही रोजनिशी उघडी ठेवून लिहितेय.
साडेदहा. मालक स्वतःच आलेत. खुर्ची ओढून समोर बसलेत. म्हणाले, "चालू द्या ताई तुमचं. मी थांबतो."
लिहितेय. अजून कुठलीच पाठवलेली नाही.